मैदानाचं आरक्षण उठवायचा ठराव समोर आलाय: नव्या नगरसेविकेला निवृत्त नगररचनाकाराचं उत्तर

प्रश्न असा आहे: "तीस हजार वस्तीच्या क वर्ग नगरपरिषदेत मी पहिल्यांदाच निवडून आले. २००६ साली मंजूर झालेल्या विकास आराखड्यात एका मळ्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे, जागा साधारण तीन एकर. ते उठवून जमीन रहिवासी करावी, असा कलम ३७ खालचा, म्हणजे मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा, विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत येतोय. मालक आमच्याच एका सदस्याचे नातेवाईक आहेत. आराखड्याच्या सुधारणेचं कामही आता सुरू होईल आणि नियोजन समितीत माझं नाव घ्यायचं चाललंय. मी काय करावं?"

ताई, हात वर करा की करू नका, हे मी सांगणार नाही. हात वर करायच्या आधी कोणते कागद मागायचे ते सांगतो. एकतीस वर्षं नगररचनेच्या कामात काढली, त्यातली बरीचशी तुमच्यासारख्याच गावांच्या आराखड्यांवर. लहान गावात आरक्षणाचा विषय निघाला की सभागृहात जमिनीबद्दल कमी आणि मालकाबद्दल जास्त बोललं जातं. मोठ्या शहरात मालक अनोळखी असतो. तुमच्याकडे तो शाळेत दोन बाक मागे बसणारा असतो, नाहीतर सासरच्या नात्यातला. त्यामुळे आराखड्यातली पद्धत, जी बाहेरून नुसती कारकुनी वाटते, तीच लहान गावात सदस्याला वाचवते. "मी नाही म्हणत नाही हो, पण कागद असं सांगतो," एवढं म्हणण्यापुरता आडोसा तिच्यामुळे मिळतो.

मैदानाचा विषय आधी घेऊ.

पहिला प्रश्न मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा: या जमिनीच्या मालकाने कलम १२७ ची नोटीस दिली आहे का, आणि ती आवक रजिस्टरला कोणत्या तारखेला चढली? सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे आणि सभेत ही तारीख कोणी काढत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर मालक नगरपरिषदेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घेण्याची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपतं. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस झाली. तुमचा आराखडा २००६ चा, म्हणजे दहा वर्षं २०१६ लाच भरली. नोटीस येऊन दोन वर्षं उलटून गेली असतील आणि पालिकेने काहीच केलं नसेल, तर तुम्ही मेलेल्या आरक्षणावर भांडताय. मग कलम ३७ चा प्रश्नच उरत नाही. आरक्षण व्यपगत झाल्याची अधिसूचना शासनाने राजपत्रात काढायची, एवढंच राहतं.

"पावलं उचलणं" म्हणजे काय, यावर गावोगावी मोठा गैरसमज आहे. नोटीस आली की घाईने ठराव करायचा, "सदर जागा संपादित करण्यास ही सभा मंजुरी देत आहे", आणि निश्चिंत व्हायचं. गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे. प्रत्यक्ष भूसंपादनाकडे नेणारी कृती हवी. त्यानंतरही ठरावांवर विसंबून आरक्षणं घालवणाऱ्या पालिका मी पाहिल्या आहेत.

एका गावची गोष्ट सांगतो, नाव राहू द्या. प्राथमिक शाळेसाठी आरक्षित जागा होती. मालकाने वकिलामार्फत नोटीस पाठवली, पाकिटावर "मा. अध्यक्ष" असं लिहिलं. ते पाकीट अध्यक्षांच्या टेबलावरून बांधकाम विभागात गेलं, तिथून कर विभागात, कारण कोणाला तरी वाटलं की घरपट्टीची तक्रार आहे. एकोणीस महिन्यांनी ते माझ्यासमोर आलं, तेही दुसऱ्या फायलीत टाचलेलं. उरलेल्या पाच महिन्यांत संयुक्त मोजणी कधी करायची, प्रस्ताव कधी पाठवायचा आणि पैसे कुठून आणायचे? शाळा गेली. तिथे आता मंगल कार्यालय आहे. मीही तिथे एका लग्नाला जेवून आलो, नाही म्हणायला.

म्हणून मैदानाचा विषय संपला तरी एक काम डोक्यात ठेवा. गावातल्या सगळ्या आरक्षणांचा एकच तक्ता करून घ्या: आरक्षण क्रमांक, कशासाठी, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, ताबा कोणाकडे, नोटीस आली का, कधी आली. तीस हजारांच्या गावात हा तक्ता दोन-तीन पानांचा होतो. तो दर तिमाहीला सभेपुढे ठेवायचा, अशी मागणी करा. मग अंदाजपत्रकाच्या वेळी जमीन संपादनाच्या शीर्षाखाली काय टाकलंय ते बघा. बहुतेक ठिकाणी नावापुरती रक्कम असते. रस्ता, शाळा, मैदान, पाण्याची टाकी हवी म्हणून आराखड्यात रंग भरायचे आणि पैसे मात्र ठेवायचे नाहीत, मग वीस वर्षं मालकाची जमीन अडकवायची. यात मालकाचा राग मला नेहमीच रास्त वाटत आलाय. जमीन विकता येत नाही, बांधता येत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि पालिका घेतही नाही. तुमच्या त्या नातेवाइकांबद्दल तुम्हाला काहीही वाटत असलं तरी हे लक्षात असू द्या.

पैसे नसतील तर दुसऱ्या वाटा आहेत. जमिनीच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, किंवा जादा एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची मुभा, देता येतो. पण लहान गावात टीडीआर विकत घेणारा बिल्डर असावा लागतो, आणि तो बहुधा नसतो. "त्या कागदाचं मी काय करू, साहेब?" हा प्रश्न मला एका शेतकऱ्याने विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. समावेशक आरक्षण ही त्यातल्या त्यात चालणारी वाट. ठरावीक भाग मालकाने पालिकेला द्यायचा, उरलेल्यावर स्वतःचं बांधकाम करायचं. किती भाग द्यायचा हे आरक्षणाच्या प्रकारावर ठरतं आणि ते बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीत, म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या यूडीसीपीआरमध्ये, तक्त्याने दिलेलं आहे. तुमच्या मैदानासाठी ही वाट कोणी मालकापुढे मांडली का? "सगळं आरक्षण ठेवा" आणि "सगळं उठवा" या दोनच टोकांवर चर्चा होत असेल, तर हा प्रश्न सभेत तुम्ही विचारा.

समजा नोटीस आलेली नाही, किंवा मुदत शिल्लक आहे. मग कलम ३७ चा विषय खरा ठरतो. इथे दोन चुकीची वाक्यं तुमच्या कानावर पडतील. एक, "आपण ठराव केला की आरक्षण उठलं." नाही. तुमचा ठराव ही सुरुवात असते. त्यानंतर राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस देऊन हरकती मागवायच्या, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना कळवायचं, ऐकून घ्यायचं, मग प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन मंजूर किंवा नामंजूर करतं. दुसरं वाक्य जास्त घातक: "आपण काय, नुसता ठराव करतोय, निर्णय सरकारचा." मंत्रालयात ती फाइल उघडली की पहिलं पान तुमच्या ठरावाचं असतं. तिथल्या कक्ष अधिकाऱ्याने तुमचा मळा पाहिलेला नसतो. गावाला मैदान नको आहे, हे त्याला तुमच्या ठरावातूनच कळतं.

आणि ठराव कसे असतात? "विषय क्रमांक अमुक. सूचक श्री. तमुक, अनुमोदक सौ. फलाण्या. साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर." साधक काय होतं आणि बाधक काय होतं, हे ब्रह्मदेवाला ठाऊक. कोर्टात अशा ठरावाची लक्तरं निघतात. ठरावात खालील गोष्टींची उत्तरं यायला हवीत आणि ती कार्यालयाच्या टिपणीत आधीच लिहून घ्यायला हवीत: त्या प्रभागात आज मुलांना खेळायला किती जागा आहे, २००६ नंतर त्या बाजूला वस्ती किती वाढली, हे मैदान गेलं तर त्याऐवजी कोणती जागा, ती कोणाच्या नावावर, आणि सहायक संचालक, नगररचना यांचं या फेरबदलावर म्हणणं काय. शेवटी, जागा रहिवासी झाल्यावर मालकाला जो फायदा होतो त्यातलं गावाला काय मिळतं. यातल्या एकाचंही उत्तर टिपणीत नसेल, तर विषय तहकूब ठेवा अशी सूचना मांडा. विरोध करण्यापेक्षा तहकुबीची सूचना लहान गावात पचायला सोपी जाते, आणि अपुऱ्या टिपणीवर तेच योग्यही आहे.

मैदान-बागांबाबत न्यायालयं विशेष कडक आहेत, हे सहकाऱ्यांना सांगायला हरकत नाही. बेंगळुरूतल्या एका वसाहतीत उद्यानासाठी ठेवलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्यात आली होती. आजूबाजूचे रहिवासी कोर्टात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. जागेचा विचार न करता वरून आलेल्या सूचनेवर निर्णय झाला, हा त्यातला मुख्य दोष होता. रुग्णालय काही वाईट गोष्ट नव्हती, तरी. तुमच्याकडे तर रहिवासी प्लॉट पडणार आहेत.

आता वेळेची गोष्ट. दर वीस वर्षांनी आराखड्याची सुधारणा करायची असते, आणि तुमची सुधारणा तोंडावर आहे. अशा वेळी एकाच गटासाठी कलम ३७ चा वेगळा फेरबदल कशाला? सुधारित आराखड्यात अख्ख्या गावाच्या मैदानांचा हिशेब होणारच आहे. हे मैदान तिथे हलवता येईल, लहान करता येईल किंवा ठेवता येईल, पण गावाचा सगळा नकाशा समोर असताना. एकट्यादुकट्या फेरबदलाची घाई मला कायम संशयास्पद वाटत आली आहे. मालकाच्या बाजूने एक कारण मात्र असू शकतं आणि ते प्रामाणिक आहे. मालकाने त्याआधी नोटीस दिलेली नसेल, तर सुधारित आराखडा मंजूर झाल्यावर दहा वर्षं नव्याने मोजली जातात, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. म्हणून आराखडा सुधारायची चाहूल लागली की नोटिसांची रांग लागते. तुमच्या पालिकेत आजकाल वकिलांची पाकिटं वाढली असतील तर हे कारण. ती वेळेवर उघडा.

नातेवाइकांचं काय? ज्या सदस्याचं नातं आहे त्यांनी सभेत ते सांगावं, चर्चेत आणि मतदानात भाग घेऊ नये, आणि तसं इतिवृत्तात लिहिलं जावं. कायद्याचं पुस्तक त्यांच्यापुढे आपटायची गरज नाही. सभेच्या आदल्या दिवशी चहा घेताना "तुम्ही बाहेर थांबलात तर ठराव कोर्टात टिकेल" असं सांगितलं, तर बहुतेक लोक ऐकतात, कारण टिकणं त्यांच्याही फायद्याचं असतं. आणि विषय "ऐनवेळच्या विषयात" येत असेल तर उभ्या राहून हरकत घ्या. आरक्षण ऐनवेळी सुचत नाही.

नियोजन समितीबद्दल विचारलंय. जरूर जा. प्रारूप, म्हणजे मंजुरीआधीच्या कच्च्या, आराखड्यावर आलेल्या हरकती ऐकणारी ही समिती: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ. पण त्याच्या कितीतरी आधी एक टप्पा येतो, तो बहुतेक नगरसेवकांच्या लक्षातच येत नाही. विद्यमान भूवापर नकाशा. आज कुठे काय आहे याचा नकाशा. तो हातात घेऊन आपला प्रभाग पायी फिरा, दोन रविवार घालवा. स्मशानभूमी, ओढा, आठवडी बाजार, तालीम, दर्गा, बुद्धविहार, जुनी विहीर, लोक वापरतात ती पायवाट, सगळं नकाशावर आहे का बघा. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा याच चुकांनी बुडाला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले, जुन्या वास्तूंच्या नोंदी गायब. शेवटी तो दुरुस्तीला परत पाठवावा लागला, नवा प्रारूप २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ साली. एवढ्या मोठ्या महापालिकेचं हे झालं, तर तुमच्या गावात एका सर्व्हेअरने दोन महिन्यांत केलेल्या नकाशात ओढा सुटणं अगदी शक्य आहे. ओढा सुटला की तिथे प्लॉट पडतात, आणि मग पावसाळ्यात लोक तुमच्या दारात येतात.

ओढ्यावरून आठवलं, नदी असेल तर पूररेषा. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. त्या जलसंपदा विभाग आखतो, तुमचं सभागृह नाही. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला पूररेषांवरून केवढा विरोध झाला, ते आठवा. आपलंच घर रेषेत आलेला माणूस चिडणारच. पण "ठराव करून निळी रेषा सरकवू" असं आश्वासन निवडणुकीत कोणी दिलं असेल, तर ते त्यांनी कुठल्या कलमाखाली दिलं हे मलाही ऐकायला आवडेल.

समितीत बसल्यावर एकच पथ्य पाळा. सुनावणीत प्रत्येकजण म्हणतो, माझ्या जागेवरचं आरक्षण शेजारच्या गटात टाका. ऐकायला सोपं वाटतं. पण शेजारच्या मालकाने हरकतच घेतलेली नसते, कारण प्रारूपात त्याच्या जमिनीवर काही नव्हतं. त्याला न ऐकता रात्रीत रस्ता किंवा आरक्षण त्याच्या डोक्यावर टाकलं तर तो कोर्टात जाणार आणि जिंकणार. पूर्वी बाधित नसलेली जमीन नव्या रस्त्यात किंवा आरक्षणात येत असेल तर कायद्याने तो मोठ्या स्वरूपाचा बदल ठरतो. पुन्हा प्रसिद्धी, पुन्हा हरकती. त्यात महिने जातात. आणि मुदती टळत गेल्या तर आराखड्याचे अधिकारच तुमच्याकडून जातात. पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचं २०१५ मध्ये तेच झालं. राज्य सरकारने तो ताब्यात घेतला आणि २०१७ मध्ये मंजूर केला. पुण्याचा त्याआधीचा आराखडा १९८७ चा होता, म्हणजे वीस वर्षांचं काम तीस वर्षांवर गेलं.

साइट व्हिजिटला एकटीने जाऊ नका, समितीबरोबर जा. मालकाच्या घरी चहा झाला तर झाला, मराठी घरात नाही म्हणता येत नाही. पण तिथे काही कबूल करू नका.

बांधकाम परवानग्यांवर फार लिहीत नाही. तो मुख्याधिकारी आणि तांत्रिक अधिकाऱ्यांचा विषय आहे, नगरसेवकाचा फोन त्यात जाऊ नये. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं, मात्र प्रस्ताव नियमात बसत असेल तरच. ही शेवटची अट लोक सोयीने विसरतात. नाकारलेल्याला चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, म्हणून नकारपत्रात कारणं हवीत. "नियमात बसत नाही" हे कारण नव्हे, कोणता नियम ते लिहायला हवं.

अनधिकृत बांधकामाच्या बाबतीत मात्र स्वतःला जपा. नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ४४ प्रमाणे स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. एवढंच नाही, ते पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला लेखी किंवा प्रत्यक्ष अडथळा आणला तरी जाऊ शकतं. कार्यकर्ते जेसीबीपुढे उभं राहायला बोलावतात आणि दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात येतो. तोच फोटो विरोधक जिल्हाधिकाऱ्यांकडे जोडतात. नोटीस नीट दिली होती का, उत्तराला वेळ दिला का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. तो पत्राने नव्हे, सभेत वापरा.

तर येत्या सभेपुरतं: विषयपत्रिका हातात पडल्याबरोबर टिपणी, भाग नकाशा (आराखड्यातला त्या जागेपुरता तुकडा), १२७ च्या नोटिशीची नोंद आणि नगररचना कार्यालयाचं मत लेखी मागा, पोच घ्या. नाही मिळालं तर तहकुबीची सूचना. ती फेटाळली गेली आणि ठराव बहुमताने झाला, तर तुमचा विरोध कारणांसह दोन ओळीत लिहून तिथल्या तिथे अध्यक्षांकडे द्या आणि इतिवृत्तात घ्यायला सांगा. पुढच्या सभेत पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करण्याचा असतो. त्या वेळी सगळे चहाच्या कपाकडे बघत असतात. तुम्ही ते पान उघडून आपल्या दोन ओळी आहेत का ते वाचा, आणि "सर्वानुमते" लिहिलं असेल तर कायम होण्याआधी दुरुस्त करून घ्या.